फासा आणि कायदा

श्रोतेहो, आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत सकाळ उजाडते ती मागांच्या खडखडाटाने. मी लहान होतो तेव्हा, म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी, त्या खडखडाटातूनही एक हाक आमच्या घरापर्यंत पोचायची : "लावे घ्या, तितर घ्या!" डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी घेऊन एक पारधीण गल्लीत येई. आम्ही पोरे तिच्याभोवती जमायचो. ती फडक्याचे टोक किंचित उचले आणि आत लुकलुकणारे दोन डोळे दिसत. मोठी माणसे घासाघीस करून पाखरे घेत. पण तीच बाई ओसरीवर जरा टेकली, की आजी हळूच उठून आतली भांडी मोजून येई. पेठेत कुणाची सायकल गेली, की पहिला संशय जाई तो तिच्या पालावर. पुढे ती यायचीच थांबली. कुणी म्हणाले, पाखरे विकायला बंदी आहे. कुणी म्हणाले, तिच्या नवऱ्याला धरून नेले. खरे काय ते आम्ही कधी विचारले नाही.

आता गंमत पाहा. बंदी तेव्हाही होतीच, आणि ती विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्यालाही होती. तरी चोर ठरली ती, आणि आम्ही राहिलो सभ्य गृहस्थ! पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा ती पाटी मला वरचेवर आठवू लागली. पाटीतले पाखरू जगले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाटीवाल्या बाईचे पुढे काय झाले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. आज त्याविषयी आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

शिकार आणि दया यांचे भांडण आपल्या देशात फार जुने आहे. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तिथे मृगया चाले. आपण त्याऐवजी धर्मयात्रेला निघालो, असे अशोक त्या लेखात सांगतो. दुसऱ्या एका लेखात कोणकोणते प्राणी मारू नयेत, याची त्याने यादीच दिली आहे. इतका दयाळू राजा! पण त्याचाच तेरावा शिलालेख वाचा. कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप सांगता सांगता तो रानात राहणाऱ्या लोकांना बजावतो, की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या अंगी शिक्षा करण्याचे बळ आहे, हे विसरू नका. दयेची भाषा आणि रानातल्या माणसाला धाक, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

मृगयेचा थाटही आपल्या जवळचाच. सोलापूरहून हैदराबादच्या वाटेला लागले, की पुढे कल्याण लागते. आज त्याला बसवकल्याण म्हणतात. बाराव्या शतकात तिथे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचे सविस्तर वर्णन आहे, आणि शिकवलेल्या चित्त्याकडून हरणे धरण्याचाही त्यात उल्लेख आहे. हीच चित्त्याची शिकार विसाव्या शतकापर्यंत कोल्हापूर संस्थानात चालू होती. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. भारतातल्या रानचित्त्याची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

राजाच्या हाती हा चित्ता कोण आणून देई? पारधी. चित्ता ज्या झाडाशी नेमाने येऊन नखे घासतो, ते झाड पारधी हेरून ठेवी आणि त्याच्याभोवती फासे मांडी. जनावराच्या तातीचा फास लावणारा, म्हणून फासेपारधी. शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने तो हरणांच्या कळपाजवळ सरके; तितराची शीळ अशी घाली की खरा तितर उत्तर देई. बंदूक नाही, घोडा नाही. सारी मदार जनावराची चाल ओळखण्यावर. आणि तरी त्याच्या धंद्याला नाव काय मिळाले? पारध हा शब्द संस्कृतातल्या 'पापर्द्धि' ह्या शब्दापासून आला, असे सांगतात. पापाने होणारी वाढ, असा त्याचा अर्थ. राजाची ती मृगया आणि ह्याची ती पापर्द्धि!

पारध्याच्या पारधीलाही नियम होते बरं का. १९८० च्या सुमारास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले, की एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार आपसांत जणू वाटून घेतली होती. फासेपारध्यांनी काळवीट आणि पाखरे फाशात धरावीत. नंदीवाल्यांनी कुत्र्यांच्या मदतीने डुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्यामागे जावे. वैदूंनी मुंगूस, रानमांजर अशी लहान जनावरे धरावीत. गाभण हरिणी किंवा पाडस फाशात आले, तर ते सोडून द्यायचे, अशी फासेपारध्यांची जुनी रीत होती. उद्याही ह्याच माळावर पोट भरायचे आहे, हे ज्याला ठाऊक असते तो आज सगळे ओरबाडून नेत नाही. पारधी संत होते, असे मी म्हणत नाही. माळ ही त्यांची शेती होती, एवढेच म्हणतो.

ह्या लोकांवर कायद्याचा पहिला घाव पडला तो जनावरांच्या निमित्ताने नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला. माणूस काय करतो हे न बघता तो कुणाच्या पोटी जन्मला, हे बघून त्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा. पुष्कळांना गिरण्यांत कामाला लावले. माळावर वाढलेला माणूस भोंग्यावर चालू लागला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा काढून टाकला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. कुंपण गेले, पण सोलापुरातल्या त्या वस्तीच्या नावातला 'सेटलमेंट' हा शब्द अजून गेलेला नाही. आणि माझ्या आजीच्या डोळ्यांतले कुंपण तर १९९० सालीही जागच्या जागी होते.

त्याच काळात जनावरांसाठीही कायदे होत होते. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांची शिकार ठरावीक महिन्यांत बंद केली. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. ह्या साऱ्या व्यवस्थेत परवाना काढून बंदुकीने शिकार करणारा तो खरा शिकारी, आणि फासा-जाळे वापरणारा तो चोरटा, असाच मोठ्या लोकांचा ग्रह होता. नंतर आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, सापळे लावणे हेही घातले. काळवीट आणि माळढोक यांना सर्वांत कडक संरक्षण मिळाले. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेही संपले.

१९७२ हे साल जुन्या माणसांना सांगायला नको. तोच तो मोठा दुष्काळ! सोलापूर जिल्ह्यात माणसे खडी फोडून पोट भरत होती. त्याच साली पारध्याच्या हातातला फासा हा गुन्हा ठरला. हौशी शिकाऱ्याने बंदूक भिंतीला टांगली आणि तो आठवणी सांगत बसला. पारध्याने फासा टाकला तर त्याने हातात काय धरायचे होते? जमीन नाही, घर नाही, दाखला नाही.

कायदा चुकीचा होता काय? नाही. तो झाला नसता तर आज काळवीट चित्रातच दाखवावा लागला असता. आमच्या शहरापासून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर नान्नज आहे. तिथल्या माळरानासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. माळढोक हा कमरेपेक्षा उंच असा देखणा पक्षी. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचेच नाव पुढे केले होते; १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. काळवीट मात्र तिथे कळपांनी दिसतात.

मग माळढोक कुणी संपवला? बंदुकीने पुष्कळ मारले, फाशानेही काही धरले असतील. पण फासा बंद होऊन पन्नास वर्षे झाली तरी माळढोक वाढला नाही. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, कालवे आले, ऊस आला. शेतकऱ्याला पाणी मिळाले हे चांगलेच झाले. पण कुसळी आणि मारवेलीचे माळ नांगराखाली गेले. वर विजेच्या तारा आल्या. उडता माळढोक त्या तारांना धडकून मरतो. अभयारण्याची आखणीही अशी, की आरंभी त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. गावे आणि शेते सगळी आत! जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले, आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. ज्यांच्या दारात पाखरू राहते त्यांना न विचारता केलेला कायदा पाखरालाही पुरेसा उपयोगी पडत नाही, हे नान्नजने आपल्याला शिकवले आहे.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन नान्नजला गेलो होतो. आम्ही सगळे दुर्बिणी लावून लांब बघत होतो. मागे राहिलेला एक मुलगा एकदम म्हणाला, "सर, पाय जपून. इथं चंडोलाचं घरटं आहे." गवताच्या बुडाशी, माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, तीन अंडी होती. मी विचारले, "तुला कसं रे दिसलं?" तो आधी बोलेना. मग हळूच म्हणाला, "आज्यानं शिकवलंय. आम्ही पारधी आहोत, सर. पण वर्गात कुणाला सांगू नका."

श्रोतेहो, त्या दिवशी एक घरटे वाचले ते पारध्याच्या विद्येने. ती विद्या ज्याच्याजवळ आहे त्याला ती लपवावी लागते, ही आपली खरी हानी आहे. फासा परत यावा, असे कुणीच म्हणणार नाही. पण माळ राखायला, घरटी मोजायला, जनावरांचा माग काढायला ह्या लोकांसारखे जाणते दुसरे कोण आहेत? वनखात्याच्या कामात त्यांना मानाची जागा आणि पगार मिळाला पाहिजे. ज्यांच्याकडून आपण उपजीविका काढून घेतली, त्यांचे तेवढे देणे आपण लागतो.

गावोगावच्या शिक्षकबंधूभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गात पालावरून आलेले एखादे पोर असेल, तर एखाद्या दिवशी धडा बाजूला ठेवून त्याला पाखरांविषयी बोलू द्या. तितर कसा बोलतो, हरणाचा माग कसा ओळखावा, हे त्याला फळ्यासमोर उभे राहून सांगू द्या. आणि शाळेत कुणाची पेन्सिल हरवली, तर पहिल्यांदा त्याच्या दप्तराकडे बघू नका.

आमच्या ओसरीवर टेकलेल्या त्या बाईचे नाव मला ठाऊक नाही. तिच्या पाटीतली पाखरे आम्ही खाल्ली, आणि ती उठून गेल्यावर भांडी मोजली. पाखरांची दया शिकायला आपल्याला १९७२ उजाडावे लागले. माणसाच्या बाबतीत तरी आता उशीर नको.