वऱ्हाडचें अक्षर आणि वऱ्हाडचा आवाज

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें कार्य हातीं घेतलें तेव्हां त्यासाठीं जें मंडळ स्थापन झालें, तें नागपुरास. पुढें हें काम पुण्यास गेलें आणि १९२० नंतरच्या दशकांत एकेक खंड वर्गणीदारांच्या घरीं पोंचूं लागला. वर्गणीदार वऱ्हाडांतला असो कीं कोंकणांतला, खंड उघडल्यावर त्यास दिसणारें अक्षर एकच असे. खिळा जसा ओतला, शाई जशी लागली, तसा ठसा कागदावर उठला आणि तोच घरोघर गेला. मजकुरांत मतभेदास जागा असेल, मुद्रणांत दोष राहिले असतील. परंतु ‘क’ च्या जागीं रिकामी चौकट दिसते, अशी तक्रार केतकरांच्या कचेरीस येण्याचें कारणच नव्हतें.

सुमारें ऐंशी वर्षांनीं, १ मे २००३ रोजीं, मराठींत दुसऱ्या एका ज्ञानकोशास आरंभ झाला. त्याचें नांव मराठी विकिपीडिया. त्याचें इंग्रजी भावंड १५ जानेवारी २००१ रोजीं जन्मास आलें होतें, आणि पुढें या कुटुंबांतील भाषांची संख्या तीनशेंच्या वर गेली. येथें संपादक एक नाहीं. ज्यास लिहितां येतें तो लिहितो, दुसरा सुधारतो, तिसरा वाद घालतो. असा ग्रंथ कागदावर संभवलाच नसता. पण केतकरांना जी चिंता कधीं शिवली नाहीं ती येथें पहिल्या दिवसापासून उभी राहिली. नागपुरांत एकानें लिहिलेलें अक्षर न्यूयॉर्कांत दुसऱ्यास तसेंच दिसेल काय?

कारण संगणकाचें अक्षर आकार म्हणून प्रवास करीत नाहीं. लिहिणाऱ्याच्या यंत्रांतून निघतो तो एक अंक. वाचणाऱ्याच्या यंत्रानें त्या अंकावरून आपल्याजवळच्या ठशांतील आकार शोधून काढावयाचा असतो. तारायंत्राच्या कड-कट्टासारखाच हा व्यवहार आहे. दोन्ही टोंकांस एकच कोष्टक असेल तर निरोप पोंचतो, नसेल तर नुसती खडखड. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकुराची स्थिति बरीचशी अशा खडखडीसारखी होती. बहुतेक ठसे बनविणाऱ्यांनीं रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार बसविले होते, आणि ते प्रत्येकानें आपापल्या क्रमानें. एका ठशांत लिहिलेली बातमी दुसरा ठसा असणाऱ्या यंत्रावर उघडली कीं रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग समोर येई. अशा मजकुरांत शोध घेतां येत नसे, तो दुसऱ्यास दुरुस्त करतां येत नसे, आणि ठसा नाहींसा झाला कीं मजकूरही गेल्यासारखाच.

समान कोष्टकाचा प्रयत्न मात्र चाललेला होता. भारतीय लिपींसाठीं एक संकेत १९८८ साली ठरला, १९९१ साली त्यास भारतीय मानकाचें रूप मिळालें. त्याच १९९१ सालच्या ऑक्टोबरांत युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति निघाली आणि तिनें देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय संकेतावरून घेतली. देवनागरीस १२८ घरांची एक ओळ मिळाली. ‘क’ चा अंक २३२५ ठरला, तो मराठीसाठीं, हिंदीसाठीं आणि नेपाळीसाठींही.

या शेवटच्या गोष्टींत एक मौज आहे, आणि ती नागपूरकरांस सहज कळण्याजोगी आहे. १९५६ पर्यंत नागपूर हें हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताचें राजधानीचें शहर होतें. दोन्ही भाषांची लिपि नागरी. पण मराठी हाताचा ‘ल’ आणि हिंदी हाताचा ‘ल’ निराळा, ‘श’ ही निराळा. युनिकोडनें या दोन्ही आकारांना एकच अंक दिला. हा मजकूर मराठी आहे असें पानानें सांगावें आणि ठशानें त्याप्रमाणें मराठी वळण द्यावें, अशी योजना आहे. ती योग्यच म्हटली पाहिजे. आकारागणिक अंक वाटले असते तर शब्द शोधणें अशक्य झालें असतें. परंतु मराठी वळण जाणणारा ठसा वाचकापाशीं नसला तर मराठी लेख हिंदी वळणांत वाचावा लागतो, आणि पुष्कळ वर्षें तो तसाच वाचला गेला.

खरी कसोटी ‘ल’ ची नव्हे, ‘वऱ्हाड’ या नांवाची होती. त्यांतील ‘र’ अर्धा आहे, पण तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसत नाहीं. पापणीसारखी आडवी रेघ होऊन ‘ह’ च्या आधीं उभा राहतो. हिंदीस या चिन्हाची गरज नाहीं. मराठींत त्यावांचून अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेलें दान आणि ‘आचाऱ्यास’ दिलेलें वेतन हे दोन निराळे खर्च होत. खिळ्यांच्या छापखान्यांत अशा चिन्हासाठीं वेगळा खिळा पाडला कीं काम भागे. अंकांच्या जगांत तो खिळा कोणत्या अंकांनीं बोलवावा, हें ठरवावें लागलें. उत्तरें दोन निघालीं. दक्षिणी भाषांच्या लेखनासाठीं ठेवलेल्या, खालीं नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चा पाय मोडावा, हें एक. साध्या ‘र’ चा पाय मोडून त्यापुढें न दिसणारें जोडचिन्ह ठेवावें, हें दुसरें. कागदावर दोहोंचा आकार सारखा. यंत्राच्या दृष्टीनें ते दोन निरनिराळे शब्द. म्हणून ज्ञानकोशांत ‘वऱ्हाड’ शोधणाऱ्यास समोर असलेला लेखही सांपडूं नये, असा विलक्षण प्रसंग संभवतो. डोळ्यांस एक आणि यंत्रास दोन! ‘ॲ’ ची कथा याहून वेगळी नाहीं. ‘ऑ’ प्रारंभापासून कोष्टकांत होता, पण ‘ॲ’ ला घर मिळालें तें २००८ साली. तोंवर ‘अ’ वर अर्धचंद्र ठेवून मराठी लेखकांनीं काम चालविलें, आणि ती जुनी रीत व नवें अक्षर आजही शेजारीं शेजारीं नांदतात. एका लेखनावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पाट्या लावण्याचें किचकट काम स्वयंसेवकांच्या वांट्यास आलें.

विकिपीडियाच्या चालकांनीं युनिकोडचा स्वीकार केला, पण तो सर्वत्र एकदम झाला नाहीं. खुद्द इंग्रजी विकिपीडिया २००५ पर्यंत पश्चिम युरोपाच्या जुन्या अक्षरसंचावर चालत असे. त्यांत एखादें मराठी नांव लिहावयाचें तर प्रत्येक अक्षराचा अंक खुणांसह मांडावा लागे. मराठी ज्ञानकोश आरंभापासून नव्या संकेतावर होता, तरी त्याचा भार त्यास सोसावा लागला. त्या सांठवणुकीच्या पद्धतींत रोमन अक्षर एक खण घेतें, नागरी अक्षर तीन. लेखाच्या शीर्षकास २५५ खण ठरलेले. म्हणजे इंग्रजीस २५५ अक्षरें, मराठीस ८५, आणि त्यांत काना-मात्राही मोजावयाच्या.

सांठवण झाली तरी दिसण्याचा प्रश्न उरलाच. विंडोज २००० च्या पूर्वींच्या यंत्रांस नागरीची ओळखच नव्हती. त्यानंतरच्या एक्सपीवर सुद्धां तबकडी घालून ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. तसें न केल्यास चौकटी दिसत, किंवा पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधीं न जातां मागें लोंबकळत राही. ‘विकिपीडिया’ या नांवांत पहिल्या वेलांट्या तीन. तेव्हां ग्रंथाचें नांवच प्रथम विद्रूप होई! वाचकानें लेख वाचण्यापूर्वीं यंत्र दुरुस्त करावें, ही अट कोणत्याही ग्रंथास शोभणारी नव्हे. २०११ च्या अखेरीस विकिपीडियानें भारतीय भाषांसाठीं ठसाच पानाबरोबर पाठविण्याची सोय केली. केतकरांचा खिळा जणू पुन्हां मजकुराबरोबर घरीं येऊं लागला.

येथवर अक्षराचें झालें. परंतु मराठी अक्षर सगळा उच्चार सांगत नाहीं, हें प्रत्येक मराठी माणूस जाणतो आणि परक्यास शिकवूं लागल्यावांचून त्याच्या लक्षांत येत नाहीं. ‘चार’ मधील ‘च’ तालव्य, ‘चारा’ मधील दंततालव्य. ‘जरा थांब’ मधील ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ लिहिण्यांत सारख्या, बोलण्यांत भिन्न. म्हणून शब्दाशेजारीं आवाज ठेवणें ही चैन नव्हे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीस हें उमगलें होतें. मराठीचा खंड १९०५ साली छापून निघाला. त्यांत वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे नमुने आहेत. पण कागदावरचा नमुना अपुरा वाटल्यामुळें १९१३ ते १९२९ या काळांत ग्रामोफोनच्या तबकड्या भरण्यांत आल्या. ९७ भाषा व बोलींचे २४२ नमुने त्यांत आहेत. उधळ्या पुत्राची बायबलांतील कथा निरनिराळ्या बोलींत ऐकतां येते, ती या योजनेमुळें.

तबकडीसही संकेत लागतो. ती ठराविक वेगानें फिरली नाहीं तर माणसाचा आवाज पोराचा किंवा भुताचा होतो. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तेव्हां कोणत्याही कारखान्याचा रेडिओ तें केंद्र घेऊं शके, कारण लहरींची रीत कोणा एकाच्या मालकीची नव्हती. अंकरूप आवाजाच्या बाबतींत असें राहिलें नाहीं. संगीताच्या अंकतबकडीवर आवाजाचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलें जातें. एका मिनिटास सुमारें एक कोटि खण लागतात. तो भार कानास न जाणवणारा भाग गाळून दहाव्या हिश्श्यावर आणण्याची एम्‌पी-थ्री ही रीत जर्मनींत सिद्ध झाली व जगभर पसरली. पण तिच्यावर पेटंटें होतीं. १९९८ साली त्यांचें शुल्क मागण्याचा इरादा जाहीर झाला, आणि ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांनीं सर्वांस मोकळी अशी व्हॉर्बिस नांवाची दुसरी रीत रचण्यास घेतली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००२ साली निघाली.

विकिपीडियाचें चित्र-ध्वनिभांडार, कॉमन्स, २००४ साली उघडलें तेव्हां त्यानें मोकळी रीतच पत्करली. परिणाम असा कीं, ज्या एम्‌पी-थ्रीवर गाणीं घरोघर वाजत होतीं ती येथें चालेना, आणि जी येथें चालत होती ती कित्येकांच्या यंत्रांत वाजेना. ॲपलच्या यंत्रांवर तर फार काळ मौनच. या हट्टास श्रोत्यांनीं किंमत दिली हें नाकारतां येत नाहीं. तथापि ज्या ग्रंथाचा प्रत्येक शब्द कोणासही फुकट घेऊन पुन्हां छापतां येतो, त्यांतील उच्चार मात्र शुल्काच्या दारांतून बाहेर पडावा, ही विसंगति अधिक वाईट झाली असती. २३ एप्रिल २०१७ रोजीं एम्‌पी-थ्रीचा परवाना देण्याचा व्यवहार पेटंटें संपल्यानें बंद झाला. त्यानंतर त्या रीतीसही भांडाराचें दार उघडलें, आणि मोकळ्या रीतींत आलेल्या ध्वनीची एम्‌पी-थ्री प्रत यंत्रानेंच करून ज्यास हवी त्यास पुरवितां येऊं लागली.

उच्चार भरण्याचें साधनही त्यामागोमाग सुधारलें. फ्रान्सांतील स्वयंसेवकांनीं चालविलेल्या लिंग्वा लिब्रेचें नवें रूप २०१८ साली आलें. त्यांत शब्दांची यादी समोर येते, बोलणारा एकामागून एक शब्द उच्चारतो, आणि ध्वनि तुकडे होऊन भांडारांत जातात. बोलणाऱ्याची भाषा व त्याचें ठिकाण सोबत नोंदवितां येतें. वऱ्हाडी-नागपुरीच्या दृष्टीनें ही नोंद महत्त्वाची, कारण या बोलींत ‘ळ’ पुष्कळदां ‘य’ होतो. ‘डोळा’ हें अक्षर तेंच. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत कानीं पडतें तें ‘डोया’. शब्दाच्या एका नोंदीखालीं पुण्याचा व नागपूरचा असे दोन ध्वनि ठेवण्यास तेथें कोणतीही आडकाठी नाहीं. मात्र कोणता ध्वनि कोठला, हें शेजारीं लिहावें लागतें.