दगडातल्या गासड्या

इंग्लंडमधील चर्चचे आवार म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाला थॉमस ग्रेची १७५१ साली प्रसिद्ध झालेली ‘एलिजी’ आठवते. तिथे विसावले आहेत ते अनामिक खेडूत. मात्र त्याच शतकात कॉट्सवोल्ड टेकड्यांतील चर्चच्या आवारांत एक निराळी सृष्टी उभी राहत होती : लोकर आणि कापड यांवर श्रीमंत झालेल्या कुटुंबांची कोरीव पाषाणथडगी.

पेटीसारखी दिसणारी ही थडगी आतून पोकळ असतात. शव असते खाली जमिनीत. पेटी मृतासाठी नव्हे, तर तिच्यावरून चर्चमध्ये जाणाऱ्या जिवंतांसाठी असते. देवदूतांची मुखे, कवट्या, पुष्पमाला असा तिचा साज. इथला चुनखडीचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि उघड्यावर टणक होतो. या गुणामुळेच एवढे नाजूक काम शक्य झाले.

बर्फर्ड येथील काही थडग्यांच्या माथ्यावर खोबणी पाडलेला अर्धगोल दगड आडवा ठेवलेला दिसतो. या लोकरीच्या गासड्या, असे लोक मानतात. शवपेटीवरील आच्छादन तोलणाऱ्या कमानदार सांगाड्याची ही प्रतिकृती असावी, असे दुसरे मत आहे. आम्हांला या वादाच्या निकालापेक्षा पहिल्या अर्थाचा टिकाऊपणा महत्त्वाचा वाटतो. लोकरीवर वाढलेल्या गावाने मृत्यूचे चिन्हही लोकरीच्या भाषेत वाचले. कायद्यानेही तेच केले होते. देशी लोकरधंद्याच्या रक्षणासाठी १६६६ व १६७८ च्या कायद्यांनी प्रेत लोकरी वस्त्रातच पुरणे सक्तीचे केले. दुसऱ्या कायद्यात दंड होता पाच पौंड. ही सक्ती रद्द झाली १८१४ मध्ये. बाजार कबरीपर्यंत पोचला होता, हे निव्वळ रूपक नव्हे.

पेन्सविकच्या आवारात मात्र या वैभवाची दुसरी बाजू दिसते. तिथली कितीतरी थडगी ब्रायन या पाथरवट घराण्याने घडवली. त्यांपैकी जॉन ब्रायन १७८७ साली वारला. त्याचे स्वतःचे थडगे पिरॅमिडच्या आकाराचे आहे. पावसाने आणि दगडफुलाने कित्येक लेख झिजले आहेत. ज्या नावांसाठी पैसा मोजला ती पुसट होतात. घाट आणि नक्षी मागे उरतात. धनिकाचे स्मारक हळूहळू कारागिराचे होते.

आणि सूत कातणाऱ्या, माग चालवणाऱ्या हातांचे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला दगड आलाच नाही. कोरलेल्या थडग्यांइतकीच त्यांच्यामधली मोकळी हिरवळही, आम्हांला वाटते, इतिहासाचे साधन म्हणून वाचायला हवी.