प्रेषकाचा पत्ता

पाकिटावर प्रेषकानें कोणाचें नांव लिहावें, यावर टपालखात्याचा ताबा नसतो. संगणकांच्या महाजालांतहि मुळांत अशीच व्यवस्था आहे. १९८१ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झालेल्या नियमानुसार प्रत्येक संदेश-पाकिटाच्या आरंभीं निदान २० बाइटांचें शीर्ष असतें. त्यांतील ४ बाइट पाठविणाऱ्याच्या पत्त्याचे. तो खरा कीं खोटा, हें मार्गांतील यंत्रें बहुधा पाहत नाहींत.

सामान्य प्रोग्रामला हें शीर्ष लिहावें लागत नाहीं. १९८३ सालीं बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालींत 'सॉकेट' नांवाचें द्वार आलें. त्यांतून जाणाऱ्या पाकिटावर पत्ता घालण्याचें काम प्रणालीच करी. शेजारीं 'रॉ सॉकेट' हें दुसरें द्वार होतें. कालांतरानें त्यांतून शीर्षहि स्वहस्तें लिहिण्याची मुभा मिळाली. त्याची किल्ली मात्र केवळ 'रूट' या प्रमुखाकडे असे.

२००१ च्या ऑक्टोबरांत विंडोज एक्सपी बाजारांत आली आणि हें द्वार घराघरांत पोंचलें. किल्लीचा नियम तोच होता. पण घरगुती संगणकावर बहुतेक जण प्रमुखाच्याच अधिकारानें वावरत. अमेरिकन प्रोग्रामकार स्टीव्ह गिब्सन यांनीं प्रणाली बाहेर पडण्यापूर्वींच इशारा दिला कीं, हल्लेखोर आतां खोट्या पत्त्याआड लपतील. मायक्रोसॉफ्टचें म्हणणें असें कीं, दुष्ट प्रोग्राम घरांत शिरल्यावर द्वार असलें काय नि नसलें काय!

२००३ च्या ऑगस्टांत 'ब्लास्टर' हा किडा प्रणालींतील एका निराळ्याच दोषांतून लक्षावधि यंत्रांत शिरला. खोट्या पत्त्यांचीं पाकिटें मायक्रोसॉफ्टच्याच एका स्थळावर धाडावीं, अशी त्याची योजना होती. कंपनीनें तें स्थळनामच काढून घेतल्यानें हल्ला फसला. पुढील वर्षीं, २००४ च्या ऑगस्टांत, एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनें या द्वारांतून टीसीपीचीं पाकिटें पाठविण्यास बंदी केली. खोट्या पत्त्याचीं यूडीपी पाकिटेंहि अडविलीं.

याची झळ सज्जनांनाहि लागली. जाळ्याची तपासणी करणाऱ्या 'एनमॅप'च्या कर्त्यांना आणखी खालीं उतरून थेट इथरनेटच्या चौकटी रचाव्या लागल्या. म्हणजे द्वार बंद झालें, तरी जाणत्याला वाट उरलीच.

खरा उपाय निराळ्या ठिकाणीं आहे. आपल्या ग्राहकाकडून निघालेलें पाकीट त्याच्याच पत्त्याचें आहे ना, हें सेवादात्यानें वेशीवरच पाहावें, अशी शिफारस २००० च्या मे महिन्यांतच प्रसिद्ध झाली होती. तिचें पालन अद्यापहि सर्वत्र होत नाहीं. घरोघरच्या किल्ल्या काढून घेणें सोपें; वेशीवर पहारा ठेवणें कठीण, कारण त्याचा खर्च एकाला आणि लाभ दुसऱ्याला होतो.