सुप्याची खते आणि वारज्याचे स्टेटमेंट



सहा डिसेंबरला दादरहून दोन पिशव्या पुस्तके घेऊन रात्री उशिरा वारज्याला पोचलो. हायवेच्या पुलाखाली उतरून माळवाडीकडे चालत असताना मोबाईल वाजला. क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट आले होते. चैत्यभूमीवरची पुस्तकेसुद्धा त्याच कार्डावर घेतली होती, हे आधी सांगून टाकतो. एकूण बाकी साधारण ८०,००० रुपये. खाली ठळक अक्षरात : किमान भरणा ४,००० रुपये.

आठ-दहा महिने मी हे चार हजार इमानेइतबारे भरत होतो आणि आपण कर्ज फेडतोय असे समजत होतो. त्या रात्री पहिल्यांदा वही-पेन घेऊन बसलो. दर महिना साडेतीन टक्के. म्हणजे ८०,००० वर २,८०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४ रुपये. झाले ३,३०४. भरलेल्या चार हजारांतून मुद्दल कमी झाली ६९६ रुपयांनी. मध्ये पुतणीच्या क्लासची फी आणि वडिलांची औषधे कार्डावर गेली की तेही ६९६ गायब. वर्षाचा दर जीएसटी धरून जवळजवळ ५० टक्के पडतो. मी समाजशास्त्रात एमए केले आहे, वेठबिगारीवर पानेच्या पाने लिहिली आहेत. आणि हा साधा गुणाकार करायला मला इतके महिने लागले.

हा लेख माझ्या रडगाण्यासाठी नाही. आपल्या बैठकांत आरक्षण, अट्रॉसिटी, खाजगीकरण सगळ्यावर बोलणे होते; पण बोलणाऱ्यांपैकी कितीजणांच्या खिशात थकलेले कार्ड आणि दोन-तीन लोन ॲप आहेत, हे कोणी कोणाला सांगत नाही. लाज वाटते. कर्ज लपवायची ही लाज कुठून आली हे समजायचे तर मागे जावे लागते.

व्याजाचा दर जातीवर ठरवणारा कायदा आपल्याकडे लिहिलेला आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय, श्लोक १४२ : दरमहा शेकडा ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच टक्के घ्यावे. त्याच अध्यायात पुढे असेही आहे की सावकाराच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा कर्जदार असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. वरच्या जातीच्याने मात्र सवडीने, थोडेथोडे द्यावे. म्हणजे एकाला हप्ते आणि दुसऱ्याला वेठ. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळले त्यात हेही होते. (माझ्या कार्डाचा साडेतीन टक्के दर क्षत्रिय आणि वैश्य यांच्या मधोमध बसतो. प्रगती झाली म्हणायची.)

आता सुपे. पारनेरचे नव्हे, बारामती तालुक्यातले. वारज्याहून गाडीवर दोन तासांत पोचता येते. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जखते व खतावण्या रस्त्यावर आणून जाळल्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले. इंग्रजांनी त्याला दख्खनचे दंगे असे नाव दिले. पण नीट पाहिले तर दंगेखोरांना माणसे नको होती, कागद हवे होते. खत दिले तर सावकाराला बहुतेक ठिकाणी हातही लावला नाही.

त्याआधी काय घडले होते ते महत्त्वाचे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन पैसे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. सरकारने मात्र जमीनमहसूल वाढवला आणि सावकाराने उधारी बंद करून वसुली सुरू केली. तेजीत गळ्यात मारलेले कर्ज मंदीत गळ्याशी आले. मॉलच्या दारात, पेट्रोलपंपावर टेबल टाकून 'सर, लाईफटाइम फ्री' म्हणत कार्ड वाटणारी पोरे आठवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधे कर्जखत तीन वर्षांनी कालबाह्य होणार असे ठरले. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. सावकाराने युक्ती काढली : तीन वर्षे भरत आली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नव्या खतावर अंगठा घ्यायचा. दर खेपेला मुद्दल फुगत गेली. आज कार्डाची थकबाकी 'ईएमआयमध्ये बदलून घ्या', एका कार्डाची बाकी दुसऱ्यावर टाका, असा मेसेज येतो तेव्हा मला हीच नवी खते दिसतात. अंगठ्याच्या जागी ओटीपी आला आहे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला तो याच दशकाच्या अनुभवातून.

सुप्याच्या जाळपोळीनंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्याने न्यायालयाला एक मोठा अधिकार दिला : खतावरच्या आकड्यावर थांबू नका, त्या कर्जाचा सगळा इतिहास तपासा. मूळ दिले किती, व्याज किती चढवले, ते बघा. हा वसाहतीचा कायदा, दोष त्यातही होते. पण स्वतंत्र भारतात १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-अ आले आणि बँकेने लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने तो व्यवहार उघडू नये असे ठरले. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निकाल २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १८७९ मध्ये उघडलेले दार असे बंद झाले आहे. याच्यावर आपली एकही परिषद झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

पण या इतिहासात आपला माणूस कुठे आहे? खत लिहून द्यायला जमीन लागते. सुप्यात कागद जाळणारा प्रामुख्याने जमीनधारक कुणबी होता. ज्याच्याकडे गहाण ठेवायला काही नाही त्याने स्वतःला ठेवले. सालगडी राहिला, लग्नासाठी शंभर रुपये घेऊन वर्षानुवर्षे राबला. संविधानाचे कलम २३ वेठीला बंदी करते. तरी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडले. माझे आजोबा ७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आले, ते दुष्काळाइतकेच एका सालाच्या उचलीतून सुटायला आले होते, असे वडील सांगतात. उचल हा शब्द ऊसतोड कामगाराला, वीटभट्टीवाल्याला विचारा. पैसा आधी, मेहनत नंतर, आणि मधला हिशेब मुकादमाच्या वहीत. कार्ड म्हणजे उचलच. पगार यायच्या आधी खाल्लेला पगार.

गिरणगावात गेलेल्यांचेही सुटले नाही. १९३१ च्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात बहुसंख्य औद्योगिक कामगार कर्जबाजारी असल्याचे आणि रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा सर्रास दर असल्याचे नोंदले आहे. वर्षाला ७५ टक्के. आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नव्हते, धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल म्हणून. पगार कमी मिळत असल्याने कर्ज जास्त होणारच.

इथे काही मित्र म्हणतील, 'मग दोष व्यवस्थेचा आहे, काटकसरीचे प्रवचन कशाला? आपल्या पोराने चांगला बूट घेतला की सवर्णांच्या पोटात दुखते, तू त्यांचीच भाषा बोलतोस.' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. महाडलाच बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की जात ओळखू येईल अशी नेसण आणि दागिने सोडा, नीटनेटक्या राहा. स्वतः ते सुटाबुटात राहिले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी स्पष्ट मांडले की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. (डायनर्स क्लबचे कार्ड न्यूयॉर्कमध्ये निघाले तेही १९५० सालीच, निव्वळ योगायोग.) तेव्हा साधे राहा, चरखा चालवा, गरिबीत समाधान माना, हा आपला वारसा नाही.

पण काटकसर हा नक्की आहे. सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापक असताना बाबासाहेबांना महिना ४५० रुपये मिळत. त्या काळात ही मोठी रक्कम. तरी कुटुंब परळच्या चाळीतच राहिले आणि पैसे साठत गेले ते लंडनसाठी. १९२० मध्ये ते निघाले तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्जही होते. होय, कर्ज. बाबासाहेबांनी कर्ज घेतले हे लपवायचे कारण नाही. त्या कर्जातून डीएससी झाली, बॅरिस्टरी झाली, १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आला. दुपारच्या जेवणाला फाटा देऊन, रात्री बोवरिलचा कप आणि पापडावर भागवून त्यांनी ते दिवस काढले. आत्मसंयमाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला त्यात हिशेब दिसतो : एका गोष्टीसाठी पैसा लागणार आहे, म्हणून दुसरीकडे जाणार नाही.

आणि त्या हिशेबाचा दुसरा रकाना रमाईचा आहे. बाबासाहेब परदेशात असताना घर तिने चालवले. तिची चार मुले दगावली. २७ मे १९३५ ला ती गेली. गाण्यांत, भाषणांत आपण रमाईच्या काटकसरीचे कौतुक करतो तेव्हा ती जणू तिचा स्वभावच होता असे वाटते. ती किंमत होती, आणि तिने मोजली. मी हे मुद्दाम लिहितो, कारण घरात काटकसर ठरली की ती कोणाच्या ताटातून सुरू होते हे मला माहीत आहे. जानेवारीत मी घरी सगळे सांगितले तेव्हा बायको पहिल्यांदा म्हणाली, "मी भिशी बंद करते." तिची भिशी! कर्ज माझ्या बुटांचे, मोबाईलचे, जयंतीला भावनेच्या भरात स्वाइप केलेल्या वर्गणीचे. आई तेवढे बोलली, "आधी तुझी गाडी विक." गाडी विकली. कार्यालयाला पीएमपीने जातो.

२० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका. आपल्या वस्तीत आजही मंगल परिणय चार लाखांचे कर्ज काढून होतो. त्रिसरण पंचशील म्हणायला पंधरा मिनिटे लागतात, बाकीचा खर्च डीजे आणि हॉलचा.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्ध अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात, त्यातले एक अनण-सुख, म्हणजे ऋण नसल्याचे सुख. अनाथपिंडिक काही भिकारी नव्हता, श्रावस्तीचा धनिक होता. त्याच निकायातल्या इणसुत्तात तर साखळीच दिली आहे : दारिद्र्य दुःख, कर्ज दुःख, व्याज दुःख, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. मला फेब्रुवारीत वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा पाठलाग म्हणजे काय ते कळले. रात्री नऊला. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही. मी तारीख, वेळ लिहून लेखी तक्रार केली. पुन्हा रात्री फोन आला नाही. हे नियम पाठ करा, इतरांनाही सांगा.

सध्या कार्ड कात्रीने कापून ठेवले आहे. बाकी भरली की बंद करण्याचा अर्ज देणार. सात कामकाजाच्या दिवसांत बंद न केल्यास बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे असा नियम आहे. गाडीचे पैसे भरून आणि दर महिन्याला नऊ हजार टाकून बाकी २२,००० वर आली आहे. बायकोची भिशी चालू आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही सातजण आपापली स्टेटमेंट घेऊन बसणार आहोत. दोघांनी अजून घरी सांगितलेले नाही.