अराबारीचे धुमारे

साल वृक्षाचे बी मोठे अल्पायुषी. पावसाळ्याच्या तोंडाशी ते पिकून गळते आणि आठवडाभरात ओली जमीन मिळाली नाही तर उगवण्याची ताकद गमावून बसते. पण हेच झाड तोडले तरी सहजी मरत नाही. जमिनीखाली मुळे जिवंत राहतात, त्यांत अन्नाचा साठा असतो आणि खुंटावरच्या सुप्त कळ्यांतून धुमारे वर येतात. जुनी मुळे आयती मिळाल्याने हे धुमारे बियाच्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. पश्चिम बंगालमधील अराबारीचा प्रसिद्ध वनप्रयोग समजून घ्यायचा, तर आधी ही वनस्पतिशास्त्रातील गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

मिदनापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणजे तांबड्या मातीचा, सालवनांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बंगाल-नागपूर रेल्वे पोहोचली आणि लाकडाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. वने बहुतांशी जमीनदारांची होती. १९५० च्या दशकात जमीनदारी संपून ती सरकारजमा झाली. पण हातची जाण्याआधीच अनेक जमीनदारांनी ती तोडून विकली. पुढे राखण वनखात्याकडे आली. गावकरी सरपण तोडत, खाते खटले भरी. धुमारे दरवर्षी येत आणि मनगटाएवढे होण्याआधीच कापले जात. दिसायला माळरान, पण मुळे जिवंतच होती.

वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी अराबारीत सालावर संशोधन करत होते. त्यांच्या प्रयोगक्षेत्रातही गुरे शिरत. पहारा वाढवून काही साधणार नाही हे ओळखून १९७२ साली ते गावकऱ्यांशी बोलायला गेले. ठरले ते असे: गावांनी सुमारे १,२७० हेक्टर उजाड जंगल राखायचे, बदल्यात वनकामांची मजुरी, पत्रावळींसाठी पाने, अळंबी, बिया यांची मोकळीक आणि पुढे लाकूड विकले जाईल तेव्हा उत्पन्नाचा चौथा हिस्सा. सुमारे सहाशे कुटुंबे यात उतरली. ‘लोकांनी झाडे लावली’ असे या प्रयोगाचे वर्णन वाचायला मिळते. मोकळ्या जागी लागवड झाली हे खरे. परंतु जंगल उभे राहिले ते मुख्यतः तोडणे थांबल्यामुळे, जुन्याच खुंटांतून. दहा-बारा वर्षांत तेथे विक्रीयोग्य सालवन उभे होते. हिश्श्याचा लेखी सरकारी आदेश मात्र निघाला १९८७ साली. तोवर पंधरा वर्षे गावांनी केवळ शब्दावर जंगल राखले! यातूनच जून १९९० मध्ये केंद्र सरकारचे संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक आले.

असाच अनुभव दूर आफ्रिकेतील नायजर देशात आला. तेथे वसाहतकाळापासून शेतातले झाडही सरकारचे मानले जाई. मग ते वाढवायचे कोणासाठी? पेरणीआधी खुंटांचे कोंब छाटून टाकण्याची रीतच होती. १९८३ मध्ये टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याने हेच कोंब राखण्याचे काम मारादी भागात सुरू केले. झाड आपले, असा भरवसा शेतकऱ्यांना येत गेला आणि वीस-बावीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परतली.

१९७२ मध्ये अराबारीत हवामानबदलाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. आज तो करताना एक हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेता येईल. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे १०० किलो वाळलेल्या लाकडात सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून बांधलेला असतो. पण किती दिवस? दहा वर्षांनी तोडलेले सालाचे वासे चुलीत गेले तर तो परत हवेत. वासे घराच्या आढ्याला लागले तर काही दशके टिकेल. मुळांतला कार्बन मात्र पुढच्या धुमाऱ्यांसह जमिनीत राहतो. लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर करणाऱ्या योजनांत हा हिशेब क्वचितच दिसतो.

अराबारीची एक उणीवही सांगायला हवी. चौथा हिस्सा गावांना मिळाला तो खात्याच्या मर्जीने; तो हक्क नव्हता. अनेक राज्यांत पुढे समित्या कागदावरच राहिल्या, याचे कारण मला तरी येथेच दिसते. वनहक्काचा कायदा झाला २००६ मध्ये. त्याखाली २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील मुख्य उत्पन्न बांबूचे, आणि बांबूही सालासारखाच कापल्यावर जमिनीतल्या कंदातून पुन्हा फुटतो. तरीही आणखी दोन वर्षे हा बांबू गावाला विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना खात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कुठे गावाने स्वतःच्या सहीने बांबू बाहेर पाठवला.