ब्रेक निकामी होणे (मोटारगाडी)

ब्रेक दाबूनही धावत्या गाडीचा वेग पुरेसा न उतरणे. बोलीभाषेत ‘ब्रेक फेल’. या नावावर खपणारे सगळेच प्रकार ब्रेकच्या दोषाचे नसतात. आजच्या मोटारींत ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटा असतात; एक फुटली तरी दुसरी निम्मी चाके धरते. सगळे ब्रेक एकाएकी जाणे म्हणूनच विरळा.

घाटात खरा शत्रू उष्णता. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना गाडी ५०० मीटरहून अधिक खाली येते. एक टनाची गाडी केवळ ब्रेकवर उतरवली, तर सुमारे १५ लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. आधी करपल्याचा वास येतो. मग पेडल घट्ट असूनही गाडी धरत नाही. ऑइलच उकळले तर वाफेमुळे पेडल पोकळ लागते. ताज्या ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, ओलावा मुरल्यावर तो १४०° पर्यंत घसरू शकतो. ऑइलचा डबा भरलेला दिसतो म्हणून निर्धास्त राहणे त्यामुळे चुकीचे. पेडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटलीही तेवढीच घातक.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे ही निव्वळ आत्मघातकी काटकसर होय. इंजिनाचा रोध जातो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. मोटारीत इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो व पेडल दगडासारखे होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. चालकाने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले.

ब्रेक लागत नाहीत असे जाणवताच ॲक्सिलरेटर सोडून पेडल भराभर पंप करावे. कधी दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली उतरवावा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा ‘एल’ वापरावा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. हिसका दिल्यास मागची चाके लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असल्यास बहुतेक गाड्यांत त्याचे बटण ओढून धरावे लागते. हॉर्न, दिवे व इंडिकेटर चालू ठेवून डावीकडे यावे. चढ किंवा मोकळी माती मिळाल्यास उत्तम. काहीच साधले नाही, तर समोरच्या वाहनावर आदळण्यापेक्षा कठड्याला तिरकी घासत नेलेली गाडी परवडते. किल्ली मात्र काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

गाडी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तडे जातात. तासाभराने पेडल पुन्हा घट्ट लागते, कारण वाफेचे ऑइल झालेले असते. तीच गाडी पुढच्या उतारावर पुन्हा दगा देते.