ओल्या उजेडाची कुळकथा

उज्जैनच्या गढकालिकेच्या देवळाशी लोकपरंपरेने कालिदासाचं नाव जोडलं आहे. त्याच्या 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात हिमालयातल्या गुहांमध्ये रात्री उजळणाऱ्या वनौषधी येतात. त्या तिथे तेलावाचून जळणाऱ्या दिव्यांचं काम करतात. 'रघुवंशा'त दिग्विजयाला निघालेल्या रघूलाही रात्री अशाच वनस्पती उजेड पुरवतात. कविकल्पना म्हणून हे सोडून देणं घाईचं होईल. स्वतःहून प्रकाशणारी हिरवी वनस्पती निसर्गात आजवर आढळलेली नाही हे खरं. पण कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरश्या खरोखर उजळतात. त्यांना तेल लागत नाही, पाणी मात्र लागतं.

उज्जैनचा महाकाल आणि भीमाशंकर ही दोन्ही ज्योतिर्लिंगं. यांतल्या भीमाशंकरच्या रानात हा उजेड आजही पाहायला मिळतो. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या या देवळाभोवतीचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. ऐन पावसाळ्यात, संततधार लागून झाडं-खोडं चिंब झाली की जमिनीवर पडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा मंद उजळू लागतो. हे काम मायसीना प्रजातीतल्या बुरशीचं. पुष्कळ ठिकाणी तिला 'जिवाणू' म्हटलेलं आढळतं, ते चूक आहे.

टॉर्च बंद करून पंधरा-वीस मिनिटं मिट्ट काळोखात उभं राहावं लागतं. डोळे सरावले की आधी एखादी काटकी दिसते, मग तिच्या शेजारचं पान, मग सालीच्या भेगांतून धावणाऱ्या बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे लाकडात पसरलेलं बुरशीचं तंतुजाल. छायाचित्रांत दिसतो तसा झगझगीत हिरवा रंग तिथे नसतो. इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, त्यामुळे सगळं पांढुरकं, चांदण्यासारखं वाटतं. हिरवा रंग टिपतो तो कॅमेरा, तोही बराच वेळ उघडा ठेवला तर. लाकूड वाळलं की उजेड विझतो. पॅनेलस स्टिप्टिकस नावाची अशीच एक बुरशी तर वाळून विझल्यावरही पुन्हा भिजवली की उजळू लागते.

हा उजेड येतो कुठून, हे कोडं सुटायला साडेतीन शतकं लागली. १६६७ साली शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने उजळणारं कुजकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा काढून घेतली. उजेड मावळला, हवा आत सोडताच परतला. प्राणवायूचा शोध लागायच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

पाण्याची पाळी पुढे आली. फ्रान्सच्या राफाएल द्युबुआने १८८७च्या सुमारास फोलस नावाच्या प्रकाशणाऱ्या शिंपल्याचे दोन अर्क केले. थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ उजळून विझला, गरम पाण्यातला उजळलाच नाही. गरम अर्क निववून दोन्ही एकत्र केले, तर पुन्हा उजेड! त्यातून दोन नावं जन्मली: जळतं ते ल्युसिफेरिन, जाळतं ते ल्युसिफेरेज. दोघांची गाठ पाण्यातच पडते.

पाण्याच्या या गरजेचा सगळ्यात बोलका पुरावा जपानचा. तिथल्या समुद्रात तिळाएवढा एक कवचधारी जीव राहतो. जपानीत त्याला 'उमिहोतारू', म्हणजे समुद्रातला काजवा, म्हणतात. तो वाळवून ठेवला तर वर्षानुवर्षं निपचित राहतो आणि पाणी लागताच निळा उजळतो. अमेरिकी शास्त्रज्ञ न्यूटन हार्वे याने १९१६ पासून त्यावर अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने या वाळवलेल्या जिवांची पूड जमवली. तळहातावर चिमूटभर घ्यायची, ओली करायची आणि शत्रूला दिसणार नाही एवढ्या उजेडात नकाशा वाचायचा.

बुरशीचं ल्युसिफेरिन नेमकं कोणतं, हे कळलं २०१५ साली. शास्त्रज्ञ इल्या याम्पोल्स्की यांच्या गटाने ते ३-हायड्रॉक्सिहिस्पिडिन असल्याचं दाखवलं. त्याची प्राणवायूशी गाठ पडली की हिरवा प्रकाश बाहेर पडतो. गंमत अशी की हे ल्युसिफेरिन तयार होताना बुरशीच्या पेशीत पाण्याचा रेणूही सुटतो. म्हणजे पाणी इथे इंधन नव्हे. ज्यात हे सगळं घडतं ती जागा आहे. २०२० साली हा उजेड घडवणारी बुरशीची जनुकं तंबाखूच्या रोपात घातली गेली आणि पानं, मुळं, फुलं अंधारात उजळली. बिनतेलाच्या दिव्यासारखी वनस्पती खरोखर अस्तित्वात आली, फक्त प्रयोगशाळेतून.

भीमाशंकरला मात्र अजून पाऊसच लागतो. रात्री अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि वाटेवरच राहायला हवं, कारण पायाखाली चिरडलं जातं ते हेच तंतुजाल. उजळणारी काटकी आठवण म्हणून खिशात घालू नका. घरी पोचेपर्यंत ती वाळते, आणि हातात उरतं फक्त कुजकं लाकूड.